एकाच छपराखाली

"बेल्ट लाव," नेव्हिल म्हणाला.

ग्लेनिसने पट्टा ओढला. तो नेहमीप्रमाणे अर्ध्यावर अडकला. नेव्हिलने हात लांबवून एक हिसका दिला, पट्टा सुटला, आणि कुणी बघत असावं तसा त्याने हात झटकन मागे घेतला.

"हेही सांगणारेस का तिथे?" तिने विचारलं.

"काय?"

"बायकोला पट्टा सोडवून दिला म्हणून. यादीत घाल."

"यादी टाइप करून झालीय," तो म्हणाला आणि गाडी फाटकाबाहेर काढली.

जूनमधली, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या हिवाळ्यातली सकाळ होती. चार्टर्स टॉवर्समध्ये थंडी पडली होती आणि गाड्यांच्या काचांवर दव साचलं होतं. दीडेक तासाच्या अंतरावर, टाउन्सव्हिलच्या न्यायालयात, दहा वाजता त्यांचं प्रकरण होतं. बायकोने घटस्फोट मागितला होता, नवऱ्याने विरोध केला होता, आणि दोघं एकमेकांविरुद्ध साक्ष द्यायला एकाच गाडीतून निघाली होती. दुसरा इलाज नव्हता. बस दुपारी पोचायची. शेजारची डल्सी ग्लेनिसला नेणार होती, पण आदल्याच आठवड्यात तिच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता. ग्लेनिस गावातल्या गावात गाडी चालवायची, पण हायवेवर तीन-तीन डबे ओढत येणाऱ्या गुरांच्या ट्रकांची तिला धास्ती वाटायची. काल संध्याकाळी नेव्हिल स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून भिंतीकडे बघत म्हणाला होता, "मी सातला निघतोय. जागा आहे." एवढंच बोलून तो निघून गेला होता.

ग्लेनिस साठ वर्षांची होती. त्यांतली बावीस वर्षं तिने गावच्या वृद्धाश्रमात नोकरी करण्यात काढली होती. म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, भरवायचं, कूस बदलून द्यायची. नेव्हिल बोअर मारायचा. ट्रकवर यंत्र चढवून तो पश्चिमेकडच्या गुरांच्या कुरणांवर जायचा, तीन आठवडे तिकडे आणि एक आठवडा घरी. तीस वर्षं हेच चाललं. यंत्राच्या धडधडाटात त्याचा उजवा कान गेला. मुलगा झाला, मोठा झाला, माउंट आयझाच्या खाणीत नोकरीला लागला. त्या सगळ्या काळात नवरा-बायकोचं भांडण असं कधी झालं नाही. भांडायलासुद्धा माणूस घरात असावा लागतो.

मग चार वर्षांपूर्वी नेव्हिल निवृत्त होऊन कायमचा घरी आला, आणि ग्लेनिसच्या लक्षात आलं की या माणसाशी काय बोलायचं ते तिला माहीत नाही. तो वाईट नव्हता. पीत नव्हता, हात उगारत नव्हता. सकाळी उठायचा, छपराचे पन्हाळे साफ करायचा, दुपारी रेडिओवर घोड्यांच्या शर्यती ऐकायचा, संध्याकाळी टीव्हीसमोर बसायचा. ती काही बोलली तर "हं" म्हणायचा. दोन वर्षांनी तिने बोलणं सोडलं, तर ते त्याला कळलंही नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये तिच्या छातीत गाठ लागली. तिने त्याला सांगितलं, तेव्हा तो फुटबॉल बघत होता. "टाउन्सव्हिलला जाऊन तपासून घ्यायचीय," ती म्हणाली. "येताना ब्रेड आण," तो म्हणाला. ती दोन रात्री रुग्णालयात राहिली. गाठीचा तुकडा काढला, तपासला, त्यात काही नव्हतं. परतीच्या बसमध्ये तिला इतकं हलकं वाटत होतं, की शेजारच्या अनोळखी मुलीचा हात धरून तिने सांगितलं, "मला काही झालेलं नाही." घरी आली तेव्हा नेव्हिल म्हणाला, "डबल ड्यूटी होती वाटतं?" तिने ब्रेड टेबलावर ठेवला. पुढच्या रविवारी, अकरा मार्चला, तिने त्याला समोर बसवून सांगितलं, की हे संपलं. दोन आठवड्यांनी ती मागच्या व्हरांड्यातल्या खोलीत राहायला गेली. तिथे एक छोटा फ्रिज घेतला, एक बर्नरची शेगडी घेतली, आणि दोघं एकाच छपराखाली वेगळी राहू लागली. दुसरं घर परवडण्यासारखं नव्हतं.

पण हे वेगळेपण सिद्ध करायचं, म्हणजे काय करायचं? कायद्याला वर्षभराची फारकत लागते. घर एकच असेल तर ती शपथेवर सांगावी लागते, आणि तिसऱ्या माणसानेही सांगावी लागते. डल्सीने सांगितली होती. तिच्या प्रतिज्ञापत्रात लिहिलं होतं, की मंगळवारी दोरीवर बाईचे कपडे असतात, शनिवारी पुरुषाचे. दोघांचे एकत्र कधी दिसले नाहीत. "बायबलवर हात ठेवून तुझ्या परकरांबद्दल बोलले मी," डल्सी म्हणाली होती. "चर्चमध्ये तोंड कसं दाखवू सांग."

बर्डेकिन नदीच्या पुलावर धुकं होतं. नेव्हिलने दिवे लावले आणि वेग कमी केला.

---

न्यायालयाच्या कॉरिडॉरमध्ये तिची वकील कोरीन लम फायली घेऊन उभी होती. इनिस्फेलच्या जुन्या चिनी घराण्यातली, तिशीची, चटपटीत मुलगी.

"कशा आलात?"

"त्याच्याबरोबर. गाडीतून."

कोरीनने डोळे मिटले. "ग्लेनिस..."

"बस दुपारी येते गं."

"न्यायाधीशांनी ते विचारलं तर?"

"तर खरं सांगीन."

"ते माहितेय मला. म्हणूनच रात्री झोप लागली नाही." तिने ग्लेनिसला बाकावर बसवलं. "परत एकदा ऐका. तुम्ही मार्चमध्ये वेगळ्या झालात. जुलैत ते शिडीवरून पडले, खुबा मोडला. तेव्हापासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत तुम्ही त्यांचं सगळं केलंत. साडेतीन महिने. ते म्हणतात, हाच संसार. न्यायाधीशांना ते पटलं तर तुमची मोजणी पुन्हा ऑक्टोबरपासून सुरू होईल. तीन महिन्यांच्या आत असतं तर कायदा तेवढं पोटात घालतो. तुमचे पंधरा दिवस जास्त झालेत."

"मग काय करायला हवं होतं? पंधरा दिवस आधी त्याला तसाच टाकायचा होता?"

"मी तसं म्हणत नाहीये."

"पुन्हा मोजायचं म्हणजे पुन्हा वर्ष. त्यात तो पुन्हा पडला तर? त्याला ताप आला तर पाणी द्यायचं की नाही, ते आधी तुला फोन करून विचारू?"

कोरीनने फायलीतला एक कागद उगाचच वर-खाली केला.

नेव्हिल कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला एकटाच बसला होता. त्याने वकील घेतला नव्हता. मुलाच्या लग्नातला कोट घातला होता. तो आता खांद्यांवर सैल झाला होता. मांडीवर टाइप केलेली दोन पानं होती आणि ती तो ओठ हलवत पुन्हा पुन्हा वाचत होता.

---

न्यायाधीश सर्दीने बेजार झाले होते. टेबलावर रुमालांचा खोका होता. कोरीनने ग्लेनिसकडून तारखा वदवून घेतल्या. खोली, फ्रिज, शेगडी, वेगळी ताटं. ग्लेनिसला हे सगळं मोठ्याने ऐकताना लाज वाटली. कुणीतरी तिचं कपाट उघडून एकेक वस्तू उजेडात धरतंय, असं वाटलं.

"मिस्टर पॅस्को," न्यायाधीश म्हणाले, "आधी मला एवढं सांगा. अकरा मार्चला तुमच्या पत्नीने तुम्हाला सांगितलं की नाही, की हे लग्न संपलं?"

नेव्हिलने डावा कान पुढे केला. प्रश्न पुन्हा विचारावा लागला.

"सांगितलं, साहेब. म्हणाली, संपलं. मला वाटलं, गॅस."

मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत.

"मग?"

"मग मी बाहेर जाऊन सिलिंडर बघितला. भरलेला होता."

"तेव्हा तुम्हाला कळलं?"

नेव्हिलने जरा विचार केला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. तेवढं बोलणंच त्याने आयुष्यात केलं नव्हतं. "नाही. तिने उशी नेली तेव्हा कळलं."

न्यायाधीशांनी लिहून घेतलं. "आता तुम्हाला त्यांना काही विचारायचं असेल तर विचारा."

नेव्हिल उभा राहिला. खुब्यामुळे त्याला टेबलाला धरून उठावं लागलं. त्याने पानं समोर धरली आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. ग्लेनिसला वाटलं, चौतीस वर्षांत हा माणूस पहिल्यांदाच मला काही विचारायला उभा राहिलाय, आणि तेही कागदावरून वाचून.

"जुलैत मी इस्पितळातून आलो, तेव्हा मला आंघोळ कुणी घातली?"

"मी."

"सूप कुणी केलं?"

"मी."

"नखं कापलीस की नाही? पायाची?"

"कापली."

"ऑगस्टमध्ये माझे कपडे कुणी धुतले?"

"मी धुतले."

"कुठे वाळत घातलेस?"

"दोरीवर. शनिवारी."

"म्हणजे?"

"तुझ्या दिवशी, नेव्ह."

त्याने पान उलटलं. दुसऱ्या पानावर एका ओळीखाली लाल पेनाने दोन रेघा मारल्या होत्या. त्या तिला बसल्या जागेवरून दिसल्या. त्याने घसा साफ केला.

"मला उठवताना तू म्हणायचीस, 'चल राजा, पाय उचल.' म्हणायचीस की नाही?"

"म्हणायचे."

"रोज?"

"रोज."

"चौतीस वर्षांत मला कधी राजा म्हणाली नव्हतीस."

"नाही."

"मग?" तो न्यायाधीशांकडे वळला. "साहेब, वेगळी झालेली बाई असं म्हणेल? तुम्हीच सांगा."

न्यायाधीशांनी रुमाल नाकाला लावला. "मिसेस पॅस्को, तुम्हीच सांगा."

ग्लेनिसला उत्तर माहीत होतं, आणि ते द्यायची तिला मुळीच इच्छा नव्हती. तिने कोरीनकडे पाहिलं. कोरीनने मान खाली घातली होती.

"मी कामावर सगळ्यांना म्हणते," ती हळूच म्हणाली. मग त्याला ऐकू गेलं नसेल असं वाटून तिला ते मोठ्याने म्हणावं लागलं. "कामावर सगळ्यांना राजा म्हणते, नेव्ह. खोली क्रमांक चारच्या बर्टला म्हणते. ओल्सनला म्हणते, तो तर मला चावतो. बावीस वर्षं झाली. तोंडात बसलंय."

नेव्हिल त्या लाल रेघांकडे बघत राहिला. त्याने दोन्ही पानं नीट जुळवली, घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवली.

"आणखी काही विचारायचंय?"

"कागदावरचं संपलं, साहेब."

"मग बसा."

तो बसला नाही. "एक आहे. कागदावर नाही ते."

"विचारा."

"ते तू टाउन्सव्हिलला गेली होतीस." तो तिच्याकडे बघत नव्हता, टेबलाच्या कडेकडे बघत होता. "तुझ्या प्रतिज्ञापत्रात आहे. तपासणीसाठी दोन रात्री. पुढे काही लिहिलेलं नाही त्यात. काय निघालं?"

ग्लेनिसने त्याच्याकडे पाहिलं. "काही नाही निघालं. साधी गाठ होती."

"नक्की?"

"नक्की."

"बरं झालं," तो म्हणाला. "एप्रिलपासून विचारायचं होतं."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. त्यांचा आवाज कठोर नव्हता. "मिस्टर पॅस्को, प्रतिज्ञापत्र तुमच्याकडे एप्रिलमध्ये आलं. आता जून आहे. तुम्ही दोघं एकाच घरात राहता. घरी का नाही विचारलंत?"

"घरी आम्ही बोलत नाही, साहेब," नेव्हिल म्हणाला.

तो सहज बोलून गेला. वेळ विचारल्यावर वेळ सांगावी, तसा. पण बोलल्यावर आपणच काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. तो हळूहळू खाली बसला, आधी एक हात, मग दुसरा हात टेबलावर टेकवत, खुबा मोडलेली माणसं बसतात तसा. ग्लेनिसचे हात आपोआप त्याला धरायला पुढे झाले आणि तिने ते मांडीखाली दाबून धरले.

निकाल द्यायला न्यायाधीशांना पाच मिनिटंही लागली नाहीत. ते म्हणाले, की माणसाने माणसाची शुश्रूषा करणं वेगळं आणि संसार करणं वेगळं. कुणी मोडलेल्या माणसाला उचललं म्हणून कायद्याने उचलणाऱ्याला शिक्षा करू नये. फारकत मार्चपासूनच धरली जाईल. घटस्फोट मंजूर. एक महिना आणि एका दिवसाने तो अमलात येईल.

बाहेर आल्यावर कोरीनने तिचा हात दाबला. "जिंकलात."

"हो," ग्लेनिस म्हणाली. तिचे पाय दुखत होते. दोन पाळ्या उभ्याने केल्यासारखे. "आणि एक महिना?"

"तोवर कागदावर तुम्ही त्यांच्या बायको."

नेव्हिल जिन्याच्या पायथ्याशी किल्ल्या हातात घेऊन उभा होता. कोरीनने त्याच्याकडे पाहिलं, मग ग्लेनिसकडे. "तुम्हाला बस बघून देऊ का? साडेतीनची आहे."

"नको," ग्लेनिस म्हणाली. "तो थांबलाय."

---

परतीच्या वाटेवर मिंगेलाचा चढ लागला. वाळकं पिवळं गवत, मधूनच मेलेला वॉलबी कांगारू, त्यावर घिरट्या घालणाऱ्या घारी. समोरून गुरांचा ट्रक आला की गाडी वाऱ्याने हलायची. ग्लेनिस दर खेपेला डॅशबोर्ड धरायची आणि नेव्हिल दर खेपेला वेग थोडा कमी करायचा.

चढ संपल्यावर एक रिकामी जागा आहे, तिथे ट्रकवाले टायर बघायला थांबतात. नेव्हिलने गाडी तिथे घेतली आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं?" तिने विचारलं. "पाय दुखतोय?"

"नाही."

तो दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून पुढे बघत राहिला.

"मी ऐकलं होतं, ग्लेन."

"काय?"

"त्या दिवशी. फुटबॉल चालू होता तेव्हा. तू उजव्या बाजूने बोललीस, पण मी ऐकलं होतं. गाठ म्हणालीस."

ती त्याच्याकडे वळली.

"दोन दिवस तू नव्हतीस. डबल ड्यूटी नाही, हे मला माहीत होतं. मी वृद्धाश्रमाच्या रस्त्यावर जाऊन आलो होतो. तुझी सायकल तिथे नव्हती." त्याने एक हात किल्लीकडे नेला आणि पुन्हा स्टिअरिंगवर ठेवला. "मला भीती वाटली, विचारलं तर तू सांगशील."

एक ट्रक आला, गाडी हलली, ट्रक निघून गेला. ग्लेनिसच्या मनात आलं, की हे त्याने त्या दिवशी टेबलाशी सांगितलं असतं, तर आपण आज इथे बसलो नसतो. मग तिला वाटलं, कुणास ठाऊक, बसलोही असतो. इतकी वर्षं तो सहाशे किलोमीटरवर असायचा, तेव्हा कुणी विचारलं नाही की तुम्ही वेगळे राहता का. एका लाकडी भिंतीपलीकडे आला, तेव्हा मोजणी सुरू झाली. तिला राग येईल असं वाटलं होतं, पण रागाला लागणारी ताकदसुद्धा उरली नव्हती.

"हो," ती शेवटी म्हणाली. "विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

त्याने मान हलवली आणि गाडी सुरू केली.

---

महिना कसा गेला ते कळलं नाही. नेव्हिलने पेंटलंडला त्याच्या जुन्या जोडीदाराच्या शेडमागची खोली बघितली. मुलाने माउंट आयझाहून फोन करून दोघांशी वेगवेगळं बोलून घेतलं आणि दोघांना एकच सांगितलं, की जेवत जा वेळेवर. डल्सीच्या डोळ्यावरची पट्टी निघाली. घराचं काय करायचं ते पुढे बघू, असं ठरलं. म्हणजे ठरलं काहीच नाही, दोघांनाही बसून बोलायचं बळ नव्हतं.

एका बुधवारी घटस्फोट अमलात यायचा दिवस आला. टपालाने काही आलं नव्हतं. सकाळी सहाला ग्लेनिस ड्यूटीवर जायला तयार होत होती. पलीकडे नेव्हिल गाडीत सामान चढवतोय, हे आवाजावरून तिला कळत होतं. दोन खेपा झाल्या, तिसरी झाली. मग पावलं स्वयंपाकघरातून मागच्या व्हरांड्याकडे आली आणि थांबली.

तिच्या खोलीला दार नव्हतं, फुलाफुलांचा एक जुना पडदा होता. पडद्यावर टकटक करता येत नाही. पडद्याखाली तिला त्याचे बूट दिसत होते. ते क्षणभर घोटाळले, एक पाऊल बाजूला सरकले. मग लाकडी खांबावर, बोटांच्या सांध्यांनी, दोनदा वाजलं.

घरात दोघंच होती. तरी ती म्हणाली, "कोण?"

"मी. नेव्हिल," तो पलीकडून म्हणाला. "निघतोय म्हणून आलो. आत येऊ का?"

"एक मिनिट," ग्लेनिस म्हणाली. तिने आरशात पाहिलं, गणवेशाचं वरचं बटण लावलं, आणि मग म्हणाली, "ये."